मराठी बंद

पडेगावचे निवृत्त शिक्षक रामकिसन सर गल्लीतल्या मुलांना संध्याकाळी घरी इंग्रजी शिकवतात. इंग्रजी वाक्प्रचार मुलांना अर्थासकट तोंडपाठ होते, पण बोलताना कुणी एकही वापरत नव्हतं. सर अगदी वैतागले होते. शेवटी आज त्यांनी फर्मान काढलं, "तासाला मराठी बंद. काय सांगायचं ते वाक्प्रचार वापरून, इंग्रजीत!"

मागच्या दाराशी बसलेल्या श्रेयानं लगेच हात वर केला. "सर, तिकडं मागं..."

"मराठी नाय!"

"पण सर, लई अर्जंट हाय."

"असू दे अर्जंट. दोन वर्षं घसा कोरडा केला मी. एक तरी आठव!"

"पीस ऑफ केक म्हण, सुटशील," आकाश कुजबुजला. पोरं फिदीफिदी हसली.

"तू गप रे. सुचू दे तिचं तिला. मी थांबतो."

श्रेया कधी मागच्या अंगणात बघायची, कधी छताकडं बघत ओठ हलवायची. अर्ध्या तासानं ती हताश होऊन उभी राहिली.

"सर, यू हॅव मिस्ड द बस."

सर खुर्चीतून उठलेच. "शाबास गं पोरी! संधी हुकली! असा वापरायचा असतो वाक्प्रचार! आता सांग मराठीत, कोणती संधी हुकली माझी?"

 

"नळाला पाणी आलतं सर, तुमची मोटार लावायची राहिली. आत्ताच गेलं, आता आठवड्यानं."