रुमालातली कवळी

"जरा आडोसा कर गं," म्हणत सासूबाईंनी पाठ फिरवली, कवळी काढली आणि रुमालात गुंडाळून माझ्या हातात कोंबली. किंचाळताना उडाली म्हणजे? मग अडुसष्टाव्या वर्षी त्या माझ्या धाकट्या जावेचा, शलाकाचा, हात धरून लाकडी रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात जाऊन बसल्या. मागच्या डब्यात आमचे नवरे. मी बाकावर, पर्सांच्या ढिगाऱ्यात.

नेहमीचंच आहे. मजा शलाकाची, राखण माझी. डबे खडखडत खाली कोसळले, सगळ्या फळ्या थरथरल्या आणि सासूबाई तिला घट्ट बिलगल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

फेरी संपल्यावर शलाका सगळ्यांच्या आधी धावत आली. "आईंनी काय दिलंय रुमालात?"

मी सांगून टाकलं. तिचा चेहराच पडला.

"चार वर्षं झाली लग्नाला, ताई. त्यांना कवळी आहे हे मला आज कळतंय. तुम्हालाच बरं सगळं सांगतात!"

मला इतकं बरं वाटलं की मी रुमाल तिच्याच हातात ठेवला. "धर. मीही एक फेरी मारून येते."

रांग नव्हतीच. डबा करकरत टोकाला पोचला तेव्हा मी खाली पाहिलं. सासूबाई तोंडावर पदर धरून सावकाश जिना उतरल्या आणि त्यांनी शलाकापुढे हात केला. तिने झटकन ओढणी पसरून आडोसा केला.

माझ्या पोटात गोळा आला. उतार अजून सुरूही झाला नव्हता.