क्रीडामंत्र्यांचा खो

"साहेब, पाठीवर थाप मारून मोठ्यानं 'खो' म्हणायचं," घोरपडे मॅडमनी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना तिसऱ्यांदा समजावलं. कॅमेरेवाले ताटकळले होते. कॉलेजच्या खो-खो संघातल्या मुलींच्या रांगेत सुटाबुटात उकिडवे बसले होते संस्थेचे अध्यक्ष, सिमेंटवाले रणनवरे. त्यांना याच मैदानावर गोदाम बांधायचं होतं. ते थांबवा, असा मुलींच्या सह्यांचा अर्ज मॅडमच्या ट्रॅकसूटच्या खिशात होता. दिल्लीचा माणूस, एका शब्दात काम होईल, या आशेवर त्यांनी सकाळी स्वतः चुन्याच्या रेघा मारल्या होत्या.

मंत्री रणनवरेंच्या मागे आले खरे, पण हात काही पाठीला टेकेना. देवाच्या मूर्तीवरची धूळ झटकावी तसा त्यांनी सुटाला जेमतेम स्पर्श केला आणि कानाशी वाकून पुटपुटले, "खो हं, शेठ."

रणनवरे उठून चार पावलं धावले. टाळ्या पडल्या. मंत्री मात्र उभेच.

"साहेब, खो दिला की त्यांच्या जागी तुम्ही बसायचं असतं," कप्तान तेजल म्हणाली.

मंत्र्यांनी आधी रणनवरेंकडे पाहिलं. "बसू?"

"बसा की! आता मी खो देईपर्यंत उठायचं नाही."

मंत्री लगेच बसले. चांगले हसत बसले.

"मॅडम, अर्ज द्यायचा राहिला ना," तेजल कुजबुजली.

मॅडमचा हात खिशातच राहिला.

"कोणाला देऊ?"