विहिरींचा विमा

कापसावर फवारायचं औषध बनवणारा कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली, तरी गावच्या विहिरींच्या पाण्याला त्याचा वास होता. मालक कधीचाच गेलेला. पण कारखाना चालू असतानाच्या विम्याचा कागद सापडला, तर विहिरी साफ करायचा खर्च विमा कंपनीकडून आजही वसूल करता येईल, म्हणून मैत्रेयी वकील दोन वर्षं घरोघर तो कागद शोधत होती. आज तो रुखमाबाईनं स्वतःच पेटीतून काढून दिला. तिचा नवरा उकंडा त्या कारखान्याचा चौकीदार होता.

"आजी, दोन वर्षं काहून नाही सांगितलं?"

रुखमाबाईनं दाराबाहेर पाहिलं. पाण्याचा टँकर रोज तिच्याच ओट्यासमोर थांबायचा.

"विहिरी साफ झाल्या का टँकर बंद होईन. हे गेल्यापासून माह्यासंग बोलते कोण? त्या रांगेतल्या बाया."

"मग आज कायले दिला?"

"रांगेतल्या निकिताले नववा महिना लागला. काल दोन घागरी घेऊन उन्हात उभी होती."

मैत्रेयीनं कागद जपून पिशवीत ठेवला.

"काम झालं का वापस दे," रुखमाबाई म्हणाली. "पण पोस्टानं नोको पाठवू. तूच घेऊन ये."