समाधानी गाव

"सरपंचबाई, तुमच्या गावात गरजच सापडली नाही," देवतळेसाहेब म्हणाले. "पूल दुसऱ्या तालुक्याला गेला."

शेवंताबाई मडावींनी साहेबांसाठी आणलेला चहा हातातच ठेवला. नव्या राज्यात म्हणे पुढाऱ्यांचे हट्ट चालणार नव्हते. कपाळाला पट्टी लावली की यंत्र मनातली तळमळ मोजायचं, आणि जिथं तळमळ जास्त तिथं विकास आधी. मागच्या महिन्यात साहेब मोजणीला आले, तेव्हा पाहुणे आले म्हणून गावानं रोडग्यांचा बेत केला. लेकराबाळांसकट सगळे पोटभर जेवले आणि मग हसतमुखानं कपाळं पुढं केली.

"यंत्र म्हणतं, गाव समाधानी आहे."

"अन् पुरात माही सून दवाखान्याच्या वाटेवर डोंग्यातच मेली, ते नाही दिसलं तुमच्या यंत्राले?" शेवंताबाईंनी साहेबांजवळची पट्टी हिसकावून कपाळाला लावली. "मोजा आता!"

यंत्राचा पडदा कोराच राहिला.

"यात राग मोजायची सोय नाही," साहेब पुटपुटले आणि त्यांनी चहासाठी हात पुढं केला.

शेवंताबाईंनी कप अंगणात रिकामा केला.

"पाहुणचार संपला, साहेब. पुढच्या खेपेला गाव उपाशी बसंल. तुम्ही येताना तुमचा डबा आणा."