एका बटणाला एक पाऊल

"अगदी खरं दिसायला पाहिजे बघ, पोरी. फोटो काढल्यासारखं," सुभद्राबाई म्हणाल्या.

स्वरूपाने मान डोलावली. मोशीतल्या त्या ऑफिसात ती लोकांची अजून न बांधलेली घरं कॉम्प्युटरवर उभी करायची. बाईंच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या नवऱ्याने, हिंदुरावांनी, जिथे घर घेतलं होतं त्या इमारतीचे तर नुसते खांब उभे होते. ताबा मिळायला दोन वर्षं लागणार होती. आणि त्यांचा काचबिंदू इतका पुढे गेला होता, की नजर फार तर सहा महिने टिकेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चाकणच्या कंपनीत तीस वर्षं लेथवर उभ्या राहिलेल्या नवऱ्याने स्वतःचं घर एकदा तरी डोळ्यांनी बघावं, एवढंच बाईंना हवं होतं.

"तसं एक चित्र तयार व्हायला अख्खा दिवस लागतो," स्वरूपा म्हणाली. "खिडकीतून आलेलं ऊनसुद्धा खरं वाटेल. तोवर हे कच्चं बघा. यात लगेच फिरता येतं, पण दिसायला साधंच आहे."

पडद्यावर घर उघडलं. राखाडी भिंती. खोक्यासारखा पलंग. बाईंचा चेहरा उतरला. हिंदुरावांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. बटण दाबलं की घर पुढे सरकत होतं.

"एका बटणाला एक पाऊल, असं जमेल का?" त्यांनी विचारलं. "माझ्या पावलाएवढं."

स्वरूपाने त्यांना फरशीवर चालायला लावलं, टेपने पाऊल मोजलं आणि तेवढाच आकडा भरला.

मग हिंदुराव पलंगापासून निघाले. दारातून वळले, स्वयंपाकघरात गेले, परत आले. पुन्हा निघाले. ओठ हलत होते. समोरचा चहा गार झाला.

"काका, उद्या या. पक्की चित्रं दाखवते."

"ती नकोत. हेच ठेव. रोज येऊन बसलो तर चालेल ना?"

बाईंना राहवलं नाही. "अहो, या भुंड्या भिंती काय बघायच्या? एकदा तरी घर नीट बघून घ्या की. मग पुढं..."

हिंदुरावांची नजर पडद्यावरून हलली नाही.

"भिंतींचा रंग काय, ते तू सांगशील गं मला," ते म्हणाले. "पण पलंगापासून माठापर्यंत नऊ पावलं हायेत, ते आत्ताच पाठ करतोय. रात्री तहान लागली तर तुला उठवायचं न्हाई मला."