सत्कारमूर्तीचं मनोगत

वाचनालयाच्या सभागृहात बासष्ट माणसं होती आणि त्रेसष्टाव्या खुर्चीवर शाल पांघरलेली कादंबरी होती. पुरस्कारविजेता लेखक आला नव्हता, म्हणून पुस्तकाचाच सत्कार चालला होता. वाचनालयातली ही एकमेव प्रत सकाळीच वृंदा या सभासद मुलीकडून परत मागवली होती. तिची शेवटची अकरा पानं वाचायची राहिली होती.

"काका, रात्रीपुरती द्या ना," ती अध्यक्षांना म्हणाली.

"अगं, सत्कारमूर्तीला कुणी पिशवीतून घरी नेतं का? आता ती कायमची काचेच्या कपाटात."

अध्यक्ष कादंबरीच्या थोरवीवर अर्धा तास बोलले. मग सूत्रसंचालकाने सवयीने पुकारलं, "सत्कारमूर्तींनी मनोगत व्यक्त करावं!" सगळे खुर्चीकडे बघत राहिले.

वृंदा उठली. शाल बाजूला करून तिने माइकवरून अकराही पानं वाचली.

संध्याकाळी कादंबरीसाठी एकोणीस जणांनी नंबर लावला. पहिला नंबर अध्यक्षांचा होता.