चाकाखालचं लिंबू

"माझ्या अस्थी आपल्या फियाटमधूनच गावच्या नदीवर ने. आणि निघताना चाकाखाली लिंबू ठेवायला विसरू नकोस."

नवऱ्याचे शब्द आठवत, अस्थिकलश काखेत धरून वत्सलाबाईंनी संग्रहालयाला दिलेल्या आपल्या जुन्या फियाटच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. हल्लीच्या बिनचालक गाड्या ओस पडलेल्या गावांना जात नसत. नकाशातून ती गावं केव्हाच पुसली गेली होती.

"दार उघडा तांबोळीभाई, मी चालवते."

संग्रहालयाच्या मालकाने दाराऐवजी बॉनेट उघडलं. आत इंजिन नव्हतं, शोभेचा दिवा होता.

"जगातलं पेट्रोल संपलं तेव्हाच इंजिन भंगारात गेलं, वहिनी. तिकडची नदीही आटली म्हणतात."

"ते यांना ठाऊक नाही."

वत्सलाबाईंनी लिंबू उचलून उंबऱ्याबाहेर ठेवलं, टाचेखाली चिरडलं, आणि उपवासाच्या रिकाम्या पोटाशी कलश धरून त्या चालू लागल्या.